अंदाजपंचे दाहोदरसे : चार पर्यायांचा आणि अंदाजाच्या गणिताचा इतिहास

सुरुवात एका जुन्या शब्दाने करू. कुणी न मोजता, न विचारता उत्तर ठोकून दिलं की आपण म्हणतो, ‘अंदाजपंचे दाहोदरसे’. हे आलं पाढ्यांतून. जुन्या शाळेत पाढे सुरात म्हणत. ‘बावीस पंचे दाहोदरसे.’ दाहोदरसे म्हणजे शंभराच्या वर दहा, एकशे दहा. बावीसच्या जागी ‘अंदाज’ बसवला की पाढा न येणाऱ्याची ओळ तयार. म्हणजे मराठीत अंदाज हा शब्द शाळेतच बदनाम झाला, आणि तोही गणिताच्या तासाला.

आज या बदनाम अंदाजाचा इतिहास बघायचा आहे. जव्हारला बसून तो बघायला कारण आहे, ते आधी सांगतो.

आम्ही काही जण मोखाडा तालुक्यातल्या एका शाळेत रविवारी आठवीच्या मुलांचा सराव घ्यायचो. परीक्षा होती राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्तीची, जिला मुलं आणि शिक्षक एनएमएमएस म्हणतात. २००८ पासून ती चालू आहे. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. वसतिगृहात राहणाऱ्या आश्रमशाळेच्या मुलांना ही योजना लागू नाही. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या, घरून ये-जा करणाऱ्या मुलांना ती आहे. बाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा बांधकामाच्या साइटवर जाणार, आणि नववीची पोरगी मागे राहणार की बरोबर जाणार, हे ठरायचं असतं तेव्हा १२,००० ही लहान रक्कम नसते.

सरावाचा पेपर ९० प्रश्नांचा होता. एका मुलीने ३१ प्रश्न सोडवले. त्यातले २७ बरोबर. उरलेले ५९ गोल तिने कोरे ठेवले होते. आम्ही विचारलं, बाई गं, हे का सोडलंस? ती म्हणाली, “येत नाय ते कसं लिवू? खोटं व्हईल ना.”

आम्ही तिला शाबासकी दिली. आणि इथे आमची चूक झाली. कारण महिनाभर आम्हीच फळ्यावर सांगत होतो, ‘येत नसेल तर सोडून द्या, अंदाजपंचे लिहू नका.’ त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हे आम्हाला माहीत होतं. पण त्याचा अर्थ काय होतो, याचा आम्ही हिशोब केला नव्हता. तो हिशोब माणसाने कसा शोधला, हाच आजचा विषय.

बेहड्याचं झाड

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना रानात बेहडा दिसतो. त्रिफळ्यातला बेहडा तो हाच. वैदिक काळात जुगाराचे फासे याच फळांचे असत. संस्कृतात याला विभीतक म्हणतात.

महाभारताच्या वनपर्वात नळ-दमयंतीच्या कथेत हे झाड येतं. राजा ऋतुपर्ण विदर्भाकडे निघालाय, सारथी आहे बाहुक, म्हणजे वेष बदललेला नळ. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. राजा एक नजर टाकतो आणि सांगतो, या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २,०९५ फळं आहेत. बाहुकाला पटत नाही. तो रथ थांबवून झाड तोडतो आणि मोजतो. आकडा बरोबर निघतो. मग राजा सांगतो, मला फाशांची विद्या येते, म्हणून मोजणीही येते. जुगारात राज्य घालवलेला नळ ती विद्या शिकतो आणि पुढे गेलेलं राज्य परत जिंकतो.

ही कथा आहे, इतिहास नव्हे. ऋतुपर्णाने मोजलं कसं, ते ग्रंथात नाही. पण एक गोष्ट तिथे स्पष्ट आहे. फासे आणि मोजणी या एकाच विद्येच्या दोन बाजू मानल्या आहेत. अंदाज म्हणजे बेफिकिरी नव्हे, त्याला शिस्त असू शकते, हे कथा रचणाऱ्याला ठाऊक होतं.

त्या शिस्तीचा पहिला भाग म्हणजे ‘किती प्रकारे होऊ शकतं’ हे मोजणं. तो आपल्याकडे पक्का होता. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. चाळीसगावजवळ पाटण इथल्या शिलालेखात या घराण्याची नोंद आहे. लीलावतीत एक हिशोब असा, की गोड, तिखट, आंबट असे सहा रस आहेत, ते मिसळून किती पदार्थ होतील? एकेकाचे सहा, दोन-दोन मिसळून १५, तीन-तीनचे २०, असं करत एकूण ६३. दोन-दोनची रीत सोपी आहे. सहा गुणिले पाच, भागिले दोन.

ही रीत परीक्षा देणाऱ्या मुलाला थेट उपयोगी पडते. आठवीच्या पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती परीक्षेत जास्तीत जास्त २० टक्के प्रश्न असे असत, की चार पर्यायांपैकी दोन बरोबर, आणि दोन्ही नोंदवले तरच गुण. चारांतून दोन निवडायच्या रीती किती? चार गुणिले तीन, भागिले दोन. सहा. म्हणजे काहीच येत नसेल तर सहांत एक संधी. पण चारांतला एक नक्की चूक आहे एवढं जरी कळलं, तर तिनांतून दोन निवडायचे, रीती तीन, संधी तिनांत एक. एक नक्की बरोबर आहे एवढं कळलं, तरी उरलेल्या तिनांतून एक, पुन्हा तिनांत एक. थोडंसं माहीत असणं म्हणजे संधी दुप्पट होणं.

पत्रं, पुस्तक आणि मोठ्या संख्या

दुसरा भाग, म्हणजे संधीची किंमत काढणं, तो युरोपात झाला, आणि तोही जुगाराच्या पाटावर. इटलीतला कार्डानो हा वैद्य, गणिती आणि अट्टल जुगारी. त्याने सोळाव्या शतकात फाशांच्या खेळावर पुस्तक लिहिलं. ते छापलं गेलं १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर जवळपास नव्वद वर्षांनी. दरम्यान १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या दोघा फ्रेंच गणितज्ञांत पत्रव्यवहार झाला. प्रश्न असा होता, की डाव अर्धवट मोडला तर मांडलेले पैसे कसे वाटायचे? त्यांनी जो विचार केला, तोच हॉलंडच्या हायगेन्सने १६५७ मध्ये पुस्तकात मांडला. विचार असा. ज्याला चारांत एक संधी आहे, त्याच्या हातात आज बक्षिसाचा चौथा हिस्सा आहे असं समजा. बक्षीस लागेल किंवा लागणार नाही, पण संधीला स्वतःची किंमत आहे.

चार पर्याय, एक गुण, चुकीला दंड नाही. म्हणजे कोऱ्या गोलाची किंमत पाव गुण. आमच्या त्या मुलीने ५९ गोल कोरे सोडले. ५९ चा पाव जवळजवळ १५. तिने १५ गुणांची वस्तू टेबलावर ठेवली आणि उठून गेली. आणि आम्ही तिची पाठ थोपटली.

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, म्हणजे मग नशिबावर पास होता येतं की! याचं उत्तर बर्नुलीने दिलं. याकोब बर्नुली हा स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा. १७०५ मध्ये तो वारला आणि पुस्तक आलं १७१३ मध्ये. पुस्तकाच्या लॅटिन नावाचा अर्थच ‘अंदाज करण्याची कला’. आपल्याकडे अंदाज बदनाम, आणि तिकडे एक माणूस आयुष्याची वीस वर्षं त्याला कला म्हणून घासतोय. त्याने सिद्ध केलं, की प्रयोग जितके जास्त, तितका निकाल खऱ्या प्रमाणाला चिकटतो.

हे परीक्षेला लावून बघू. पास व्हायला ४० टक्के लागतात आणि मूल डोळे मिटून गोल रंगवतंय. पेपर १० प्रश्नांचा असेल तर चार किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात २२. पेपर २० चा केला तर शंभरात १०. शंभर प्रश्नांचा केला, आपल्या पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेसारखा, तर हजारात एकाहूनही कमी. एनएमएमएसचे दोन पेपर मिळून १८० प्रश्न. तिथे ७२ गुण निव्वळ तुक्क्याने मिळण्याची शक्यता दहा लाखांत दहाहूनही कमी.

अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी त्या परीक्षेत रेषा ३२ टक्क्यांवर आहे, म्हणजे ५८ गुण. तिथे शक्यता शंभरात सुमारे दोन. आणि ही झाली फक्त पात्रता. निवड पुढे कोट्यातून, गुणानुक्रमे होते. म्हणून तुक्क्यावर शिष्यवृत्ती मिळते हा समज सोडून द्या. बर्नुली ती वाट बंद करून गेलाय.

मग अंदाजाने होतं काय? ज्याला काही येतं, त्याच्या गुणांत भर पडते. १८० पैकी ३६ प्रश्न नक्की येणारं मूल उरलेले १४४ अंदाजाने रंगवतं. त्यातले सरासरी ३६ बरोबर येतात. झाले ७२, म्हणजे ४० टक्के.

आता दोन मुलं शेजारी बसवा. पहिल्याला ६० प्रश्न येतात, पण ते प्रामाणिकपणे १२० कोरे ठेवतं. गुण ६०. दुसऱ्याला येतात फक्त ३०, पण कुणीतरी त्याला सांगितलंय की काहीही सोडू नकोस. १५० चा पाव साडेसदतीस. गुण सरासरी साडेसदुसष्ट. गुणानुक्रमात निम्मं येणारं मूल वर बसलं. दुप्पट येणारं मूल खाली राहिलं, आणि फरक गणिताचा नाही, विज्ञानाचा नाही, बुद्धीचा तर नाहीच. फरक एवढाच, की एकाला नियमाचा अर्थ कुणी सांगितला होता.

हे चार पर्याय आले कुठून

हा गोंधळ परीक्षा बनवणाऱ्यांना माहीत नव्हता का? होता. पहिल्या दिवसापासून.

अमेरिकेत कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली नावाचे शिक्षणतज्ज्ञ होते. एकाच उत्तराला वेगवेगळे शिक्षक वेगवेगळे गुण देतात, यावर त्यांनी अभ्यास केला होता. शिक्षकाची मर्जी निकालातून काढायची म्हणून १९१५ च्या सुमारास त्यांनी वाचनाची एक चाचणी केली, ज्यात उत्तर लिहायचं नाही, दिलेल्यातून निवडायचं. हेतू चांगला होता. तपासणारा कुणीही असो, गुण तेच. मग १९१७ ला अमेरिका महायुद्धात उतरली आणि सैन्यात येणाऱ्या लाखो लोकांची झटपट चाचणी घ्यायची वेळ आली. निवडीची ही रीत तिथे रुजली. १९२६ मध्ये कॉलेज प्रवेशाची सॅट परीक्षा आली. १९३० च्या दशकाच्या शेवटी आयबीएमने पेन्सिलची खूण ओळखून गुण मोजणारं यंत्र आणलं. ते सुचलं होतं रेनॉल्ड जॉन्सन या शाळाशिक्षकाला. आपण ज्याला ओएमआर म्हणतो, त्याचा हा पूर्वज.

अंदाजाची अडचण लगेच लक्षात आली. त्यावर तोड काढली ती अशी. चार पर्याय आहेत. मूल आंधळेपणाने रंगवत असेल तर दर चार प्रश्नांत तीन चुकतात, एक लागतो. म्हणजे तीन चुका दिसल्या की समजा एक उत्तर नशिबाने लागलंय. मग तीन चुकांना एक गुण कापा. प्रत्येक चुकीला एक तृतीयांश. पाच पर्याय असतील तर एक चतुर्थांश. दोनच पर्याय असतील तर जितक्या चुका तितके गुण. असं केलं की आंधळ्या अंदाजाची किंमत शून्य होते. ना नफा, ना तोटा.

आपल्याकडे केंद्रीय लोकसेवा आयोगाची पूर्व परीक्षा १९७९ ला सुरू झाली, वस्तुनिष्ठ प्रश्नांची. २००७ पासून तिच्यात चुकीला एक तृतीयांश गुण कापतात, म्हणजे बरोबर हेच सूत्र. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेत एक चतुर्थांश कापतात. चार पर्यायांना एक चतुर्थांश दंड हा सूत्रापेक्षा किंचित सौम्य आहे. तिथे आंधळा अंदाजसुद्धा सरासरीने अगदी थोडा फायद्यात राहतो, गुणाच्या सोळाव्या हिश्श्याइतका. नीटमध्ये बरोबरला चार, चुकीला वजा एक. हिशोब करा. चार भागिले चार, एक. त्यातून तीन चुकांचा पाऊण वजा. हाती पाव गुण, तोही चारांपैकी.

पण या सूत्रात एक भोक राहिलं. ते धरून चालतं, की मुलाला उत्तर एकतर पूर्ण येतं, नाहीतर अजिबात येत नाही. खरं मूल असं नसतं. चारांतला एक पर्याय तरी त्याला चूक दिसतो. मग संधी तिनांत एक, आणि एक तृतीयांश दंड धरूनही सरासरी फायदा एक नवमांश. दोन पर्याय खोडता आले तर फायदा एक तृतीयांश. म्हणजे दंड असतानाही थोडं माहीत असणाऱ्याने उत्तर देणंच बरोबर. मात्र दंडाची धास्ती घेतलेलं मूल नेमके हेच प्रश्न सोडतं. कोण धोका पत्करतो आणि कोण हात आखडता घेतो, हे ज्ञानावर ठरत नाही. स्वभावावर, सवयीवर, आणि घरात आधी कुणी अशी परीक्षा दिली आहे का, यावर ठरतं. सॅट परीक्षेने २०१६ मध्ये हा दंड काढून टाकला.

दंड ठेवा किंवा काढा, नियमाचा अर्थ ज्याला माहीत नाही तो दोन्हीकडे मार खातो. केलींना शिक्षकाची मर्जी काढून टाकायची होती. ती गेली. तिच्या जागी नियमाची माहिती आली, आणि ती पण सगळ्यांना सारखी मिळालेली नाही.

जव्हार-मोखाड्यात याचा अर्थ

जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान होतं. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आलं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि जव्हार-मोखाडा त्यात आले. बाहेर या दोन तालुक्यांचं नाव निघतं ते बहुतेक कुपोषणाच्या बातमीत. इथली मुलं घरी वारली, कोकणा, ठाकरी, काथोडी बोलतात, आणि पेपर येतो पुण्याहून, पुस्तकी मराठीत. प्रश्न समजायलाच वेळ जातो. म्हणून शेवटची पानं कोरी राहण्याचा धोका इथे जास्त. ठाण्या-पुण्यात क्लासचा मास्तर पहिल्याच दिवशी सांगतो, ‘शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि उरलेले गोल भरा.’ इथे हे सांगायला आम्ही होतो, आणि आम्ही उलटं सांगत होतो.

व्याख्यानाआधी एका ताईंनी विचारलं होतं, सगळीकडे एकच पर्याय, समजा तीन नंबर, रंगवला तर जास्त लागतात का? नाही. उत्तरं चारही पर्यायांत सारखी पसरलेली असतील तर एकच रंगवा किंवा बदलून रंगवा, सरासरी पावच. भर पडते ती खोडण्याने. एक पर्याय खोडलात, पावाचं तिनांत एक झालं.

दुसरा प्रश्न त्या मुलीचा आहे आणि तो जास्त अवघड. खोटं व्हईल ना? तिला फक्त ‘गुण मिळतात, लिही’ एवढंच सांगणं आम्हाला बरं वाटेना. ती जे म्हणत होती ते शाळेत शिकवायलाच हवं. वहीत ‘येत नाही’ लिहिणारं मूल शिक्षकाला सापडतं, त्याला पुन्हा शिकवता येतं. पण ओएमआरच्या कागदावर ‘येत नाही’ला गोलच नाही. तिथे कोरा गोल आणि चुकीचा गोल यांची किंमत एकच, शून्य. तुझा खरेपणा तिथे कुणी वाचत नाही. आणि पेपर विचारतोय की या चारांतलं तुला जास्त पटतं ते निवड. तू निवडलंस, त्यात खोटं काय?

मग आम्ही एक पद्धत ठरवली. सरावात प्रत्येक गोल भरायचा. पण जिथे अंदाज केला, तिथे प्रश्नपत्रिकेवर, उत्तरपत्रिकेवर नव्हे, प्रश्नाच्या आकड्यापाशी पेन्सिलने टिंब द्यायचं. गुण मोजताना टिंब बघायचं नाही. शिकवताना फक्त टिंबंच बघायची. गुण परीक्षेसाठी, टिंबं आमच्यासाठी.

पुढच्या सरावात त्या मुलीने एकही गोल सोडला नाही. ९० पैकी ३८ बरोबर आले. तिला वाटलं तेवढे आले नाहीत, आमच्या हिशोबापेक्षाही जरा कमीच. नशीब तिला थोडं कमी पडलं, ते पडतंच कधीकधी. बर्नुली मोठ्या संख्येची हमी देतो, एका रविवारची नाही.

पेपर हातात घेऊन ती आमच्यापाशी आली. ३८ चं तिला कौतुक नव्हतं. टिंब दिलेले आणि तरी बरोबर आलेले प्रश्न तिने बोटाने दाखवले आणि म्हणाली, “ह्ये बरोबर आलंय, पन का आलंय ते सांगा.” आम्ही खडू घेतला.

परीक्षेची माहितीपत्रकं आणि जाहिराती आता येतील. घरात, पाड्यावर, शेजारी कुणी मूल बसणार असेल तर पहिली ओळ शोधा, चुकीच्या उत्तराला गुण कापतात का. नियम परीक्षेपरीक्षेला वेगळा असतो आणि बदलतोही. कापत नसतील तर एकही गोल कोरा नको. कापत असतील तर आधी खोडा, मग निवडा. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. आम्हाला ती दोन मिनिटं सुचायला महिना लागला.